शेवटची पाटी कोणाच्या हाती द्यायची?

‘मिस्ट’ या कोड्यांच्या साहसखेळांच्या मालिकेचा पाचवा आणि अखेरचा भाग, ‘एंड ऑफ एजेस’, सप्टेंबर २००५मध्ये आला. त्याच्याबद्दल तेव्हा जे मत बनलं तेच आजही चालत आलं आहे: बरा आहे, पण ‘रिव्हन’ची, म्हणजे मालिकेच्या दुसऱ्या भागाची, सर त्याला नाही. मालिकेचे चाहते त्याला आदराने बाजूला ठेवतात. नव्याने सुरुवात करणाऱ्याला ‘पहिले दोन खेळा, पुढचे राहिले तरी चालतील’ असा सल्ला मिळतो. या मताशी माझं भांडण आहे. ‘रिव्हन’ मोठा खेळ आहे हे मला पूर्ण मान्य आहे; पण शेवटच्या भागाला विचारायचा प्रश्न तो नव्हेच. सांगता करणाऱ्या भागाकडे एक वेगळं काम असतं. ते त्याने केलं का, हे त्या कामाच्याच मापाने मोजायला हवं. पुढे खेळाचा शेवट उघड होणार आहे. त्याला इलाज नाही, कारण सगळा वाद शेवटाचाच आहे.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जाऊ. रँड आणि रॉबिन मिलर या दोन भावांनी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, स्पोकेन शहराजवळ, ‘सायन’ नावाची छोटी कंपनी चालवत १९९३मध्ये ‘मिस्ट’ काढला. मॅकिंटॉशवरच्या हायपरकार्ड या साध्या साधनात त्यांनी स्थिर चित्रं एकापुढे एक रचली. एका निर्जन बेटावर तुम्ही येता. कोणी शत्रू नाही, बंदूक नाही, घड्याळ नाही, मरण नाही. काय करायचं हेही कोणी सांगत नाही. फिरायचं, बघायचं, वहीत टिपायचं आणि विचार करायचा. या खेळाच्या साठ लाखांहून अधिक प्रती खपल्या. २००२मध्ये ‘द सिम्स’ने मागे टाकेपर्यंत संगणकावरचा सर्वाधिक खपाचा खेळ हाच होता. पुढे २०१२मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने पहिल्यांदा चौदा व्हिडिओ गेम आपल्या संग्रहात घेतले, त्यांतही तो होता.

कथेचा गाभा असा. एट्रस नावाचा माणूस पुस्तकं लिहितो आणि त्या पुस्तकांतून वेगवेगळ्या जगांत जाता येतं. पानावरच्या चित्रावर हात ठेवला की तुम्ही तिथे. त्याचे दोन मुलगे, सिरस आणि अकेनार, एकेका पुस्तकात कोंडलेले आहेत. एक लाल पानं मागतो, दुसरा निळी. दोघेही म्हणतात की दुसरा खोटारडा आहे, मला सोडव. पानं शोधून आणता आणता त्यांच्या खोल्या तुम्हाला दिसतात आणि दोघांनी इतर जगांत काय हैदोस घातला ते कळत जातं. शेवटचं लाल पान दिलंत तर सिरस सुटतो आणि तुम्ही त्याच्या जागी अडकता. निळं दिलंत तर अकेनारबाबत तेच. खरं उत्तर तिसरंच आहे: दोघांनाही नकार, आणि लपवलेलं पांढरं पान त्यांच्या बापाला. म्हणजे पहिल्या भागातच मालिकेने आपला खरा प्रश्न मांडून ठेवला होता. कळ आणि कुलपं ही त्याची वरची बाजू. आत प्रश्न असा होता की तुझ्याकडे कोणीतरी काहीतरी मागतंय, गयावया करतंय, आणि ते कोणाला द्यायचं हे तुला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्यावरून ठरवायचं आहे.

‘रिव्हन’ १९९७मध्ये पाच सीडींवर आला, आणि कोडं म्हणजे काय याची व्याख्याच त्याने रुंदावली. तिथल्या शाळेत मुलांना आकडे शिकवायचं एक खेळणं आहे. आकडा दिसतो, टांगलेली बाहुली तितक्या घरांनी खाली सरकते, आणि खाली जबडा उघडून बसलेला एक जलचर आहे. खेळाडू त्या खेळण्यावरून परक्या संस्कृतीची अंकलिपी शिकतो. त्याच वेळी त्याला हेही उमगतं की इथल्या जुलमी शासकाने लेकरांना मोजणी शिकवतानाच भीतीही शिकवली आहे. एकाच वस्तूत गणित, इतिहास आणि दहशत. इतकं दाट काम पुढे फार कमी खेळांना जमलं. त्यामुळे ‘एंड ऑफ एजेस’ला त्याच्या शेजारी उभं केलं की निकाल आधीच ठरलेला असतो. तो निकाल खरा आहे, पण मालिकेची सांगता नीट झाली की नाही याबद्दल तो काहीच सांगत नाही.

दुसरी मोजपट्टी असते गाठी सोडवण्याची. शेवटच्या भागाने मागे राहिलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं द्यावीत, अशी अपेक्षा. तिचं टोक पाहायचं तर जपानी ‘झीरो एस्केप’ मालिका पाहावी. २०१२च्या दुसऱ्या भागाने प्रश्नांचा ढीग टाकून खेळ संपवला. तिसरा होणार की नाही हेच मग काही काळ अधांतरी होतं. चाहत्यांनी त्यासाठी मोहीम चालवली, आणि अखेर २०१६मध्ये ‘झीरो टाइम डिलेमा’ आला. तो आल्यावर चर्चा झाली ती मुख्यतः हिशेबाची: अमुक धागा जुळला, तमुक सुटला, या पात्राचं जे सांगितलं होतं ते झालंच नाही. चाहत्यांचा राग मी समजू शकतो. मालिकेनेच त्यांना तसं मोजायला शिकवलं होतं. पण ही सवय सगळ्या मालिकांना लावली की शेवटचा भाग म्हणजे नुसती थकबाकी फेडण्याची जागा उरते. एट्रसचं नंतर काय झालं, त्याची बायको कॅथरीन कुठे गेली, त्याच्या पूर्वजांच्या, डनी लोकांच्या, ओसाड पडलेल्या नगरीचं पुढे काय, यांची बरीचशी उत्तरं ‘एंड ऑफ एजेस’ देत नाही. मला त्याची खंत नाही.

माझी कसोटी अशी आहे. कोड्यांच्या मालिकेचा शेवट हाही एक कोडंच असायला हवा, आणि ते सोडवण्यासाठी आधीच्या सगळ्या भागांनी शिकवलेली नजर लागायला हवी. शेवटची चित्रफीत किती हृद्य आहे, संगीत किती भरून येतं, हा भाग नंतरचा. खेळाडूने स्वतः केलेली अखेरची कृती कोणती? ती कृती मालिकेच्या मूळ प्रश्नाला भिडते का? हे दोन प्रश्न घेऊन ‘एंड ऑफ एजेस’कडे गेलं की तो फार वेगळा दिसतो.

खेळ सुरू होतो तो १९९३मध्ये एट्रस ज्या खोलीत अडकून बसला होता त्याच खोलीत. आता तिथे एट्रस नाही. त्याची मुलगी यीशा आहे, म्हातारी झालेली, थकलेली. एका मोठ्या शिलापटाबद्दल ती सांगते. बाहरो नावाच्या प्राण्यांवर तो शिलापट हुकमत गाजवतो. डनी लोकांनी या प्राण्यांना पिढ्यानपिढ्या गुलाम केलं होतं. यीशाला तिची संधी मिळून गेली आहे आणि ती चुकली आहे. आता पाळी तुमची. दुसरीकडे एशर आहे, डनी लोकांच्या संहारातून वाचलेला, गोड बोलणारा. डेव्हिड ऑग्डेन स्टीअर्स या अभिनेत्याने त्याला दिलेला आवाज पहिल्या वाक्यापासून विश्वास मागतो. तो म्हणतो, यीशाचं ऐकू नकोस, शिलापट माझ्याकडे आण. चार जगांत जाऊन चार पाट्या मिळवायच्या, त्यांच्या जोरावर शिलापट मोकळा करायचा, आणि मग तो कोणाला तरी द्यायचा.

ही पाटीच या भागाची खरी कल्पना आहे. पाटीवर माउसने चिन्ह काढायचं आणि ती जमिनीवर ठेवून द्यायची. एक बाहरो येतो, पाटी उचलतो, चिन्ह वाचतो आणि सांगितलेलं करतो: तुम्हाला दुसऱ्या ठिकाणी पोचवतो, नाहीतर त्या जगाच्या वातावरणातच बदल घडवून आणतो. चिन्ह कळलं नाही तर पाटी परत तिच्या जागी नेऊन ठेवतो. संपूर्ण खेळभर हेच चालतं. काढा, ठेवा, काम करून घ्या. सुरुवातीला तो प्राणी दचकवतो, मग सवय होते, आणि थोड्याच वेळात त्याच्याकडे लक्षही जात नाही. तो एक साधन होऊन बसतो. पाटी ओळखण्यात चूक झाली की राग येतो, तोही त्याच्यावरच. माझंही असंच झालं, आणि ज्यांनी हा खेळ मन लावून खेळला त्यांतल्या बहुतेकांचं असंच झालं असणार, कारण खेळाची रचनाच तशी आहे. डनी लोकांनी काय केलं हे तुम्ही ऐकत असता, आणि हात मात्र तेच करत असतो.

मग शिलापट हाती येतो. यीशाला नेऊन दिला तर ती निराश होते. तिच्यासारखेच तुम्हीही चुकलात. एशरला दिला तर तो तुम्हाला मोडकळलेल्या मिस्ट बेटावर टाकून निघून जातो. दोन मागणारे, दोन्ही उत्तरं चूक. बारा वर्षांपूर्वीच्या लाल आणि निळ्या पानांची आठवण इथे ज्याला होईल त्याला वाट दिसेल. पण या वेळी तिसरं उत्तर एखाद्या शहाण्या बापाकडे नाही. शिलापट जमिनीवर ठेवून द्यायचा, बस्स. ज्यांच्यावर त्याची हुकमत चालते त्यांनाच तो घेऊ द्यायचा.

ही कृती खेळाडूने तोवर असंख्य वेळा केलेली असते. पाटी खाली ठेवणं म्हणजे हुकूम देणं होतं. शेवटी तीच हालचाल, त्याच बटनाने, हुकूम सोडून देणं होते. कोणी सांगत नाही, पडद्यावर पर्याय झळकत नाहीत, ‘सोडून द्या’ असं लिहिलेली कळ नसते. ते सुचावं लागतं. मला माहीत असलेल्या खेळांमध्ये कथेचा शेवट आणि कोड्याचं उत्तर इतके एकजीव झालेले फार थोडे आहेत. पहिल्या भागात उत्तर होतं, योग्य माणूस ओळख. पाचव्यात ते पुढे सरकलं आहे: सत्तेसाठी योग्य माणूसच नसतो, मागणारा कितीही थोर असो आणि ती स्वतः एट्रसची मुलगी असो. शिलापट आपल्याकडेच ठेवून काही चांगलं करू, हा मोहही त्यात मोडतो. मालिकेने आपला प्रश्न विसरला नव्हता, तो वाढवला होता. सांगतेकडून मला याहून जास्त काही नको.

आता दोष. ते आहेत, आणि झाकायचं कारण नाही.

एशर फार बोलतो. जिथे ‘रिव्हन’ने एका खेळण्यातून सांगितलं तिथे हा भाग माणूस उभा करून भाषण ऐकवतो. कोपऱ्यात वळलं की एशर, दार उघडलं की एशर. स्वतः पाहून ठरवायला शिकवणाऱ्या मालिकेत हे खटकतं. चार जगांची ठेवण एकसारखी आहे, त्यामुळे तिसऱ्या जगात पोचेपर्यंत वाट कुठे जाणार हे कळतं, आणि ‘मिस्ट’मध्ये वाट आधी कळणं म्हणजे निम्मा आनंद गेला. माउसने काढलेलं चिन्ह बरोबर असूनही कधीकधी ओळखलं जात नाही. कोड्याचं उत्तर चुकलं की हात चुकला, हेच न कळणं हा कोड्याच्या खेळातला सगळ्यात गंभीर दोष, कारण खेळाडूचा स्वतःच्या तर्कावरचा भरवसाच त्याने जातो. आणि आधीच्या भागांत चित्रित केलेले खरे नट जगांत मिसळलेले असत. इथे नटांचे चेहरे संगणकीय पुतळ्यांवर चढवले आहेत. खेळाडूला सगळीकडे मोकळं हिंडता यावं म्हणून ते केलं हे समजतं, तरी यीशाच्या चेहऱ्यावर जे दुःख हवं ते तिथे पोचत नाही. जुन्या खेळाडूंसाठी पूर्वीसारखं टिचकी मारत पुढे सरकण्याची सोय मात्र त्यांनी आठवणीने ठेवली होती, आणि ती अजून उपयोगी पडते.

याहून मोठा आक्षेप वेगळा आहे, आणि त्याचं पूर्ण समाधान होईल असं उत्तर माझ्याजवळ नाही. बाहरोंना खेळात शब्द नाहीत. त्यांच्यावरच्या अन्यायाबद्दल यीशा बोलते, एशर बोलतो, निर्णय तुम्ही घेता. ज्यांची गुलामी संपायची ते कण्हतात, किंचाळतात, दिसतात आणि नाहीसे होतात. मुक्ती बाहेरून आलेल्या पाहुण्याने द्यायची, ही मांडणी आपल्याला परकी नाही आणि तिची मर्यादाही आपल्याला ठाऊक आहे. महाराष्ट्रात दीडशे वर्षं जो झगडा झाला तो बऱ्याच अंशी याच गोष्टीसाठी होता की ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनीच बोलावं, त्यांच्या वतीने कोणी नको. त्या नजरेने पाहिलं तर हा शेवट अर्धाच पोचतो. तरीही एक गोष्ट मी त्याच्या बाजूने नोंदवीन. शिलापट खाली ठेवल्यावर तो बाहरो स्वतः उचलतात, आणि पुढे काय होणार हे खेळाडूच्या हाती उरत नाही. त्यांनी आभार मानावेत अशी सोय केलेली नाही. जिंकल्यावर सगळ्यांनी खेळाडूभोवती जमून त्याचा जयजयकार करायचा, ही व्हिडिओ गेमची जुनी खोड इथे टाळली आहे.

या दोषांमागची परिस्थितीही सांगायला हवी, पण किती सवलत द्यायची हा वादाचा मुद्दा आहे. ‘रिव्हन’नंतर रॉबिन मिलर कंपनीतून बाहेर पडला. तिसरा भाग, ‘एक्झाइल’, प्रेस्टो स्टुडिओजने २००१मध्ये केला. चौथा, ‘रेव्हलेशन’, युबिसॉफ्टच्या माँट्रियलच्या चमूने २००४मध्ये. सायनने त्या काळात सगळी ताकद ‘ऊरू’वर लावली होती. इंटरनेटवर अनेकांनी मिळून डनी नगरी धुंडाळायची, तिला सतत नवी जगं जोडली जायची, असं ते स्वप्न होतं. ‘ऊरू’ २००३च्या अखेरीस आला, पण त्याचा ऑनलाइन भाग फेब्रुवारी २००४मध्ये गुंडाळावा लागला. त्यासाठी तयार होत असलेलं काही काम ‘एंड ऑफ एजेस’मध्ये वापरलं गेलं. आणि हा खेळ बाजारात येण्याच्या सुमारास सायनने जवळजवळ सगळ्या कर्मचाऱ्यांना कामावरून कमी केलं. काही आठवड्यांत नवा करार झाल्यावर बऱ्याच जणांना परत बोलावता आलं. मालिकेचा शेवट लिहिणाऱ्या माणसांना स्वतःच्या कंपनीचाही शेवट समोर दिसत होता.

ही माहिती वापरून खेळाला जास्त गुण द्यावेत, असं मी म्हणत नाही. विकत घेणाऱ्याने पूर्ण पैसे मोजलेले असतात आणि न ओळखली जाणारी पाटी त्याच्याही वाट्याला येते. पण चार जगं एकसारखी का वाटतात, हे समजायला ती माहिती उपयोगी पडते. तिच्यामुळे हेही उमगतं की सगळं आखडतं घ्यावं लागलं तेव्हा या लोकांनी काय वाचवलं. त्यांनी पाटीची कल्पना आणि शेवटची कृती वाचवली. पैसा आणि वेळ संपत आला असताना माणूस ज्याला हात लावू देत नाही, तेच त्याला खरं महत्त्वाचं असतं, असं मला वाटतं.

परीक्षणाच्या पद्धतीबद्दलही थोडं बोलतो, कारण हा प्रश्न एका खेळापुरता नाही. व्हिडिओ गेमचं परीक्षण बहुधा तो बाजारात येतो त्याच आठवड्यात छापून यावं लागतं. मारामारीच्या खेळाला त्याने फारसं बिघडत नाही. हात शिकतो, तासागणिक समज वाढते. कोड्याच्या खेळाची गोष्ट निराळी. त्यात अडकणं हाच खेळ असतो. रात्री अडकायचं, झोपायचं, दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना एकदम उमजायचं, हा त्याचा वेग. उद्या मजकूर द्यायचा आहे अशा माणसाला अडकून चालत नाही. तो उत्तर शोधून पुढे जातो, आणि मग जे कोडं आठ दिवस मनात घोळायला हवं होतं ते त्याला ‘अडथळा’ वाटतं. शेवटाच्या बाबतीत तर हे फारच नडतं. शिलापट खाली ठेवायचा हे ज्याला स्वतःला सुचलं आणि ज्याने ते मार्गदर्शिकेत वाचलं, ते दोघे एकच खेळ खेळलेले नसतात. दुसऱ्याला तीन पर्यायांतला एक बरोबर पर्याय दिसतो. पहिल्याला आपण इतका वेळ काय करत होतो ते दिसतं.

म्हणून मालिकेच्या शेवटच्या भागाचं परीक्षण दोनदा व्हावं असं माझं मत आहे: एकदा तो येतो तेव्हा, विकत घेणाऱ्याच्या सोयीसाठी, आणि एकदा काही वर्षांनी, सगळे भाग ओळीने खेळून. नाटकांची, कादंबऱ्यांची पुनर्तपासणी आपण करतो, मासिकांचे विशेषांक त्यासाठी निघतात. खेळांना वयाची तिशी उलटली तरी ती मिळत नाही, आणि पहिल्या आठवड्याचा आकडा कपाळावर घेऊन ते फिरत राहतात.

ही वेळ त्यासाठी चांगली आहे. सायन टिकून आहे. २०१६मध्ये त्यांनी चाहत्यांच्या वर्गणीतून ‘ऑब्डक्शन’ हा नवा खेळ केला. ‘मिस्ट’ २०२१मध्ये संगणकावर नव्याने बांधून आला, ‘रिव्हन’ २०२४मध्ये. या दोन पुनर्निर्मितींमुळे पूर्वी जन्मलेही नव्हते असे खेळाडू त्या बेटावर उतरत आहेत, आणि बहुतेक जण ‘रिव्हन’ संपवून थांबतात. त्यांना माझं सांगणं आहे की थांबू नका. तिसरा आणि चौथा भाग नंतर खेळलात तरी चालेल. पहिला ताजा असतानाच पाचवा घ्या, म्हणजे लाल-निळ्या पानांची आठवण शाबूत असेल. फिरण्याची जुनी, टिचकीची पद्धत निवडा. एशर बोलू लागला की त्याचं पूर्ण ऐकून घ्या, कंटाळा आला तरी, कारण त्याची हाव त्याच्या वाक्यांत हळूहळू उघडी पडते. पाटीवर चिन्ह सावकाश, मोठं काढा. आणि शिलापट हाती आल्यावर, कितीही अडलात तरी, उत्तर कुठेही शोधू नका.